साग आणि आडजात : मराठी मुलखातील इमारती लाकडाच्या निवडीचा इतिहास

लाकडाच्या वखारीत आणि जंगल खात्याच्या लिलावात इमारती लाकडाचे दोन ठळक वर्ग मानले जातात. एक साग आणि दुसरा आडजात. आडजात या शब्दात ऐन येतो, किंजळ येतो, हेद, नाणा, धावडा, बिवळा, शिवण, जांभूळ असे अनेक वृक्ष येतात. गुणांनी परस्परांपासून अगदी भिन्न असलेल्या या वृक्षांना जोडणारा धागा एकच, तो म्हणजे त्यांतील कोणताही साग नव्हे. एका वृक्षाला नाव आणि बाकी सर्वांना मिळून एक नकारार्थी संज्ञा, अशी ही विभागणी आहे.

ही विभागणी निसर्गसिद्ध आहे, आणि म्हणून फार प्राचीन आहे, असा समज सर्वसाधारण आहे. साग हे लाकूड श्रेष्ठ असल्यामुळे मनुष्याने आरंभापासून त्यालाच प्रथम पसंती दिली व ज्यांना ते परवडले नाही त्यांनी दुय्यम लाकडावर भागवले, असे मानले जाते. परंतु ग्रंथ, शिलालेख, राजपत्रे आणि मराठी शब्दसंग्रह या चार साधनांचा एकत्र विचार केला असता हा समज टिकत नाही. सागाचे श्रेष्ठत्व जुने आहे यात संशय नाही. मात्र बाकीच्या वृक्षांचे ‘आडजात’ होणे हे बरेच अलीकडचे असून त्यामागे सुताराचा अनुभव जितका आहे, त्याहून अधिक जहाजबांधणी व महसूल यांची गरज आहे. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे.

१. ग्रंथांतील वर्गीकरण

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात कुप्याध्यक्षाची, म्हणजे वनोत्पन्नाची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याची, कर्तव्ये सांगितली आहेत. तेथे ‘सारदारुवर्ग’ अशी संज्ञा येते. सार म्हणजे खोडाचा टणक गाभा, आणि ज्यांचा गाभा उपयोगी पडतो असे वृक्ष या वर्गात मोडतात. या यादीचा आरंभ शाक, म्हणजे साग, या नावाने होतो हे लक्षणीय आहे. परंतु त्याच्यामागून तिनिश, धन्वन, अर्जुन, मधूक, साल, शिंशपा, शिरीष, खदिर, आम्र, धव इत्यादी नावे ओळीने येतात. साग येथे पंक्तीत पहिला आहे, मात्र पंक्तीबाहेर नाही. सर्वांना एकच संज्ञा आहे आणि ती भावरूप आहे.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या शतकात, लाकडाच्या निवडीचा विचार दोन स्वतंत्र ठिकाणी आला आहे. देवप्रतिमेसाठी लाकूड आणण्याच्या प्रकरणात वर्णपरत्वे वृक्ष नेमून दिले आहेत : ब्राह्मणांसाठी देवदारू, चंदन, शमी व मधूक, क्षत्रियांसाठी अश्वत्थ, खदिर, बिल्व इत्यादी, आणि याच क्रमाने पुढे. त्याच प्रकरणात वर्ज्य वृक्षांचीही यादी आहे. स्मशानातील, वाटेवरील, देवालय व आश्रम यांच्या आवारातील, वारुळावर उगवलेले, घड्याने पाणी घालून वाढवलेले, वेलींनी वेढलेले, वीज पडलेले, वाऱ्याने किंवा हत्तीने मोडलेले, वाळलेले, जळलेले आणि मधमाश्यांचे पोळे असलेले वृक्ष घेऊ नयेत, असे सांगितले आहे.

या निषेधांकडे केवळ श्रद्धेचा भाग म्हणून पाहणे योग्य होणार नाही. वीज पडलेल्या वा वादळाने मोडलेल्या खोडाच्या आत बाहेरून न दिसणाऱ्या भेगा असतात. पोळे बहुधा ढोलीत असते आणि ढोली म्हणजे कुजलेला गाभा. वारूळ वाळवीचे घर होय. वेलीने आवळलेल्या खोडाचे तंतू पिळलेले असतात व त्याची फळी पुढे वाकते. देवालय, आश्रम व वाट यांवरील झाडे सार्वजनिक उपयोगाची आणि घड्याने पाणी घातलेले झाड कोणाच्या तरी श्रमाचे. अशा रीतीने निषेधांच्या एका यादीत सुताराचे ज्ञान, समाजाचा हक्क आणि शकुन हे तिन्ही एकत्र गुंफले गेले आहेत. त्यांतील दुसऱ्या धाग्याचा पुढे आज्ञापत्राच्या संदर्भात पुन्हा विचार करावा लागेल.

शय्या व आसन यांच्या प्रकरणात मात्र वराहमिहिराने वर्णाचा निकष घेतलेला नाही. तेथे असन, चंदन, देवदारू, तिंदुक, शाल, काश्मरी, अंजन, शाक, शिंशपा इत्यादी वृक्ष शुभ म्हटले आहेत. साग व शाल ही लाकडे एकत्र वापरली तरी चालतात आणि वेगवेगळी वापरली तरी चालतात, असेही त्याने म्हटले आहे. एका लाकडाची शय्या चांगली, दोन वा तीन लाकडांची अधिक चांगली, चारांची कीर्तिदायक. पण पाच लाकडांची केली तर मनुष्य पंचत्वाला जातो, असा तेथे शब्दावरचा श्लेष आहे. श्लेष बाजूला ठेवला तरी त्यामागील व्यवहार स्पष्टच आहे. भिन्न वृक्षांचे लाकूड पावसाळ्यात भिन्न प्रमाणात फुगते व उन्हाळ्यात भिन्न प्रमाणात आकसते. जितकी लाकडे अधिक, तितके सांधे ढिले होण्याचा संभव अधिक.

हे ग्रंथ मराठी मुलखात प्रमाण मानले गेले तरी त्यांतील वृक्ष मराठी मुलखातले असतीलच असे नाही, ही गोष्ट विसरता येत नाही. देवदारू हिमालयातील, आणि शाल मध्य व पूर्व भारतातील. सह्याद्रीच्या सुताराला यांपैकी कोणताही वृक्ष घराजवळ मिळणे शक्य नव्हते. परिणामी नावे राहिली आणि वृक्ष बदलले. संस्कृत कोशकार व टीकाकार यांच्यात ‘असन’ म्हणजे नेमका कोणता वृक्ष याविषयी एकमत नाही. बिवळा आणि ऐन असे दोन्ही अर्थ सांगितले जातात. मराठीत मात्र ‘आसाणा’ हे नाव तिसऱ्याच एका वृक्षाला मिळाले आहे. ‘देवदारी खोके’ या मराठी शब्दप्रयोगात तर हिमालयातील देवदारूचा संबंध जवळजवळ उरलेला नाही. मालाच्या बांधणीसाठी वापरलेले कोणतेही हलके, पांढरट, मऊ लाकूड त्यात येते. प्रतिमेसाठी सांगितलेल्या वृक्षाचे नाव अशा प्रकारे वाण्याच्या खोक्यावर येऊन पोहोचले.

२. लेण्यांतील लाकूड व सुतार

मराठी मुलखातील लाकूडकामाचा सर्वांत प्राचीन प्रत्यक्ष पुरावा, वरवर विसंगत वाटले तरी, दगडातील लेण्यांत मिळतो. भाजे व कार्ले येथील चैत्यगृहांच्या गजपृष्ठाकार छताला आतून लाकडी कमानींच्या बरगड्या बसवलेल्या आहेत. छत अखंड खडकात कोरलेले असल्यामुळे या बरगड्यांवर कसलाही भार नाही. त्या काढून टाकल्या तरी लेणे पडणार नाही. तरीही त्या बसवल्या गेल्या, कारण त्यापूर्वीची चैत्यगृहे लाकडाची होती आणि लाकडी बरगड्यांवाचून चैत्यगृह ही कल्पनाच पुरी होत नव्हती. भाज्याचे लेणे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. दोन हजार पावसाळे सोसूनही त्या काळचे सागाचे लाकूड पुष्कळ अंशी टिकून आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहातील दानलेखांत धेनुकाकट येथील सामि नावाच्या एका सुताराचा उल्लेख आहे. लेण्याचे प्रवेशद्वार त्याने केले, असे त्या लेखात नमूद आहे. त्यात त्याच्या व्यवसायाला ‘वढकी’ असा शब्द आहे. संस्कृत ‘वर्धकि’चे हे प्राकृत रूप होय. त्यापासून हिंदीत ‘बढई’ झाला आणि विदर्भात ‘वाढई’ हा शब्द राहिला. उर्वरित महाराष्ट्रात मात्र ‘सूत्रधार’ या शब्दापासून आलेला ‘सुतार’ रूढ झाला. वर्धकि या शब्दात कापण्याची क्रिया आहे, तर सूत्रधार या शब्दात मापाची दोरी आहे. दगडात प्रवेशद्वार कोरणारा मनुष्य स्वतःस सुतार म्हणवतो, यावरून लाकडाचे व दगडाचे काम त्या काळी एकाच परंपरेत चालत होते, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

३. नावांचा पुरावा

अर्थशास्त्रातील सारदारुवर्गाची नावे मराठीतील प्रचलित नावांशी ताडून पाहिली तर एक गोष्ट नजरेस येते. शाक–साग, शिंशपा–शिसव, खदिर–खैर, मधूक–मोह, धन्वन–धामण, धव–धावडा, आम्र–आंबा. यांत श्रीपर्णी–शिवण व जम्बू–जांभूळ ही नावे जोडता येतील. तिनिश म्हणजे मराठीतील तिवस असेही सामान्यतः मानले जाते. ही नावे पंडितांनी मागाहून संस्कृतातून उचललेली नाहीत. ती प्राकृताच्या वाटेने, ध्वनिनियमांनुसार घडत आलेली आहेत. शिसव या एका शब्दाचे उदाहरण पुरेसे होईल. मूळ शब्दात दोन्ही ठिकाणी तालव्य श आहे. प्राकृतात त्या दोहोंचा स झाला. मराठीत इकारापूर्वीचा स पुन्हा तालव्य झाला आणि अकारापूर्वीचा तसाच राहिला. म्हणून पहिले अक्षर ‘शि’ व दुसरे ‘स’. हा नियम मराठीच्या घडणीचा आहे. तो ज्या शब्दात दिसतो, तो शब्द अखंडपणे लोकांच्या तोंडी होता असे समजावे. याचा ऐतिहासिक अर्थ महत्त्वाचा आहे. केवळ सागच नव्हे, तर शिसव, खैर, धामण, शिवण या प्रत्येक वृक्षाची स्वतंत्र ओळख येथील समाजाने सुमारे दोन सहस्र वर्षे न सोडता जपली.

सागाचे नाव मात्र देशाबाहेरही गेले. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, भडोचहून इराणच्या आखाताकडे जाणाऱ्या मालात तुळया आणि लाकडाचे ओंडके यांचा उल्लेख आहे. त्यातील एका लाकडाचे नाव शिसवीशी जुळते. दुसऱ्याविषयी हस्तलिखितात आढळणारा शब्द काही संपादकांनी चंदन असा दुरुस्त केला, तर काहींनी तो मुळातच ‘साग’ या नावावरून आला असून दुरुस्तीची गरज नाही असे प्रतिपादन केले. ध्वनिदृष्ट्या दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. पुढे अरबीत सागाला ‘साज’ हे नाव मिळाले. दहाव्या शतकातील अरब भूगोलकारांनी सिराफ बंदरातील मजली घरे साज व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले लाकूड यांची होती असे नमूद केले आहे. पोर्तुगीजांनी मात्र मलयाळम ‘तेक्कु’ या शब्दावरून ‘तेका’ हे नाव घेतले आणि तेच इंग्रजीत ‘टीक’ झाले. एका वृक्षाची दोन नावे दोन वाटांनी बाहेर गेली. त्यावरून कोणत्या काळी कोणत्या किनाऱ्यावरून व्यापार चालत होता हे कळते.

४. घराची परिभाषा

घराच्या अवयवांची मराठी नावेही निवडीच्या इतिहासाची साक्ष देतात. ‘खांब’ हा स्कम्भापासून व ‘तुळई’ हा शब्द तुलेपासून आला आहे. ‘वासा’ हा शब्द ‘वंश’ म्हणजे बांबू या शब्दापासून आला. छपराचे वासे मुळात बांबूचे होते, हे या शब्दानेच सांगून ठेवले आहे. घर फिरले की वासे फिरतात, या म्हणीतही वाशांचे हलकेपण व परावलंबित्व गृहीत आहे. याउलट तक्तपोशी, महिरप, कमान, दरवाजा, दिवाणखाना हे शब्द फार्सी-अरबीतून आले. लाकडाचा सांगाडा देशी नावांचा आणि त्यावरील शोभा परकी नावांची, अशी ही रचना आहे. कडी आणि पाट या दोन शब्दांच्या जोडणीतून झालेला ‘कडीपाट’ मात्र देशीच राहिला.

शब्दावरून वस्तूचा इतिहास काढताना सावधगिरी हवी, हेही याच परिभाषेवरून दाखवता येते. उंबर हा वृक्ष आणि उंबरा वा उंबरठा हा दाराचा भाग यांच्या नावांतील साम्यावरून दाराचा तळपाट पूर्वी उंबराच्या लाकडाचा करीत असत, असे सहज म्हटले जाते. परंतु पालीत उंबरठ्यासाठी ‘उम्मार’ व प्राकृतात ‘उम्मर’ असे शब्द आहेत आणि त्यांचा वृक्षनामाशी संबंध सिद्ध होत नाही. संस्कृतात उदुंबर या शब्दाला जो उंबरठा हा अर्थ दिलेला आढळतो, तो प्राकृत शब्दाचे मागाहून केलेले संस्कृतीकरण असण्याचा संभव आहे. शिवाय उंबराचे लाकूड हवेत फार टिकाऊ नाही. ते पाण्याखाली टिकते. रोज पायदळी जाणाऱ्या व ऊनपाऊस सोसणाऱ्या भागासाठी कोणताही जाणता सुतार ते घेणार नाही. येथे भाषेच्या पुराव्याला लाकडाच्या गुणधर्मानेच लगाम घातला आहे.

उंबराच्या या गुणाचा उपयोग योग्य जागी होतच होता. विहिरीच्या तळाशी बांधकामाखाली लाकडाचे कडे बसवीत. त्यासाठी जांभूळ व उंबर ही लाकडे निवडली जात. नांगर, गाडीचे चाक व तुंबा यांना बाभूळ, आख व जू यांना तिवस, मुसळ आणि जमिनीत रोवायचा खांब यांना खैर, लवचीक दांड्यांना धामण, तेलाच्या घाण्याला चिंच अथवा बाभूळ, होडीला उंडी आणि आंबा, न वाकणाऱ्या हलक्या फळीला शिवण, कोरीव पलंगाला शिसव. कोकणात घराच्या दारांना, पाटांना व देवघराला फणसाचे लाकूड प्रिय होते. ते ताजेपणी पिवळे असते आणि वापराने तांबूस होत जाते. ऐन व किंजळ ही छपराच्या आढ्याची व खांबांची लाकडे. या व्यवस्थेत सागालाही जागा होती आणि ती मोठी होती. त्याच्या गाभ्यात तेलकट द्रव्य असते म्हणून वाळवी त्याला सहसा लागत नाही. ते फारसे फुगत नाही, आकसत नाही. त्यात ठोकलेला लोखंडी खिळा गंजत नाही. इतके सारे गुण एकत्र असलेले दुसरे लाकूड नाही. परंतु बाभळीचे चाक सागाचे करणारा गाडीसुतार कोणी पाहिला नसेल. भार व घर्षण सोसण्याचे काम सागाचे नव्हे. कोणते लाकूड श्रेष्ठ, असा प्रश्न त्या काळी निरर्थक होता. कोणत्या कामाला कोणते, एवढाच प्रश्न होता.

पेशवाईत वाड्यांची बांधणी वाढली तेव्हा सागाची मागणीही वाढली. पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० मध्ये झाली आणि १७३२ मध्ये वास्तुशांती झाली. त्यासाठी साग जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडहून आणि चुना जेजुरीहून आणला, अशी परंपरागत माहिती आहे. वाड्यातील सागाचे खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभे करीत. त्यामुळे ओल व वाळवी या दोहोंपासून लाकूड अलग राही. सागावरही पूर्ण भिस्त न ठेवणारी ही रीत सुतारांच्या सावधपणाची खूण आहे. मात्र आगीपुढे सागाचा इलाज नव्हता. १८२८ मध्ये लागलेल्या आगीत शनिवारवाड्याचे लाकूडकाम भस्मसात झाले. आज तेथे दगडाचे तळ व तट उरले आहेत.

५. आज्ञापत्रातील मर्यादा

रामचंद्रपंत अमात्य यांचे आज्ञापत्र १७१५-१६ च्या सुमारास लिहिले गेले. त्यातील आरमाराच्या प्रकरणात लाकडाच्या निवडीविषयी जो विचार आला आहे, तो या इतिहासातील अत्यंत महत्त्वाचा दस्तऐवज होय. आरमारासाठी फळ्या, सोट, डोलकाठ्या यांना उत्तम लाकूड लागते. राज्यातील अरण्यांत साग वगैरे जे वृक्ष असतील, त्यांपैकी आवश्यक तेवढे हुजुरांची परवानगी घेऊन तोडून आणावे. त्याहून अधिक लागेल ते परमुलखातून खरेदी करावे, असा तेथे आदेश आहे. पुढे आंबा, फणस आदी झाडांचा विषय येतो. हीही लाकडे आरमाराच्या उपयोगाची आहेत हे ग्रंथकार नाकारीत नाही. तरीही त्यांना हात लावू देऊ नये असे तो बजावतो. ही झाडे वर्षादोन वर्षांत होत नाहीत, प्रजेने ती लेकरांसारखी दीर्घकाळ वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही, आणि प्रजेला पीडून साधलेले कार्य टिकत नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल तरच धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बलात्कार सर्वथा करू नये.

येथे झाडांची विभागणी आहे, परंतु ती लाकडाच्या दर्जावर उभी नाही. रानात आपोआप वाढलेला वृक्ष आणि मनुष्याने वाढवलेला वृक्ष, अशी ती आहे. पहिल्यावर राजाचा अधिकार चालतो, तोही परवानगीने व मर्यादेने. दुसऱ्यावर मालकाच्या संमतीवाचून चालत नाही. वराहमिहिराने घड्याने पाणी घालून वाढवलेले झाड वर्ज्य मानले होते, त्याच्याशी ही भूमिका जुळते. दोन्ही ठिकाणची भाषा वेगळी आहे. एकीकडे शकुनाची, दुसरीकडे राजनीतीची. पण लाकडाची निवड ही केवळ लाकडाच्या गुणांची बाब नसून कोणाच्या तरी श्रमाची व हक्काची बाब आहे, हे तत्त्व दोहोंत समान आहे.

६. गोदी, जंगल आणि ‘राखीव’

लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले व तेथील गोदीत जहाजे बांधण्याच्या नव्या पर्वाला आरंभ झाला. युरोपात जहाजे ओक वृक्षाची बांधीत. ओकमधील आम्ल द्रव्याने लोखंडी खिळे गंजतात, सागात ते टिकतात. नेपोलियनबरोबरच्या युद्धांत इंग्लंडमधील ओकचा साठा अपुरा पडू लागला आणि मुंबईच्या गोदीला इंग्रजी आरमाराचे काम मिळाले. १८१० मध्ये ‘मिंडेन’, १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’ व १८१७ मध्ये ‘ट्रिंकोमाली’ ही जहाजे येथे तयार झाली. १८४२ चा नानकिंगचा तह ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर झाला. ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन करून ठेवलेले असून त्याचा मलबारी साग अद्याप शाबूत आहे.

या यशाची किंमत जंगलांना द्यावी लागली. मलबारातील सागावर देखरेख करण्यासाठी कंपनी सरकारने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन याची नेमणूक केली. त्याने सागाच्या व्यापाराची मक्तेदारी निर्माण केली. ती इतकी अप्रिय झाली की १८२३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याच्या कारकिर्दीत ते पद रद्द करावे लागले. पुढे १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कोनोली याने निलंबूर येथे चातू मेनन यांच्या साहाय्याने सागाची लागवड सुरू केली. एकाच जातीच्या झाडांचे, ओळीने लावलेले जंगल ही कल्पना येथून रुजली. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन हे जंगलांचे पहिले संरक्षक अधिकारी झाले. त्यानंतर १८६५ चा व १८७८ चा असे जंगल कायदे आले. दुसऱ्याने ‘राखीव’ व ‘संरक्षित’ जंगलांची विभागणी पक्की केली. मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवस्थेत साग, शिसव व चंदन यांवरील सरकारचा हक्क खातेदाराच्या जमिनीतही राखून ठेवण्याची प्रथा पडली.

आज्ञापत्राशी तुलना केली असता झालेला बदल लक्षात येतो. तेथे मनुष्याच्या शेतातील झाड राजाच्या हाताबाहेर होते. येथे साग असेल तर शेतातील झाडही सरकारचे, आणि इतर झाडांना त्या मानाने महत्त्व नाही. झाड कोणी वाढवले हा प्रश्न मागे पडून झाड कोणत्या जातीचे हा प्रश्न पुढे आला. जातीनुसार हक्क ठरल्यावर जातींची मोजदाद हिशेबाच्या वहीत दोन रकान्यांत बसणे क्रमप्राप्त होते. ‘आडजात’ या शब्दामागील वृत्ती अशा रकान्यांतूनच बळावली, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल. हे लाकूड ज्या रीतीने विकले जाई त्या रीतीचे नावही परकेच होते. ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला आहे.

या व्यवस्थेचा भार प्रथम आदिवासी व लहान शेतकरी यांच्यावर पडला. घराला वासा, नांगराला लाकूड, राबासाठी फांदी यांतील प्रत्येक गोष्ट परवान्याची झाली. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगल खात्यावर कठोर टीका केली, ती याच कारणाने. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी वाढल्यावर १८८५ मध्ये मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला. १९३० मध्ये पुसद, चिरनेर, बिळाशी येथे जंगल सत्याग्रह झाले, त्यांमागेही हाच दीर्घकाळचा असंतोष होता. लाकडाची निवड करण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर तेथे लोकांनी आपल्या परीने दिले.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रात १९६४ मध्ये वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, तिवस, ऐन, किंजळ, जांभूळ यांच्याबरोबर आंबा व फणस यांचीही नावे घातली गेली. आज्ञापत्रातील दोन वृक्ष अडीचशे वर्षांनी पुन्हा राजाज्ञेत आले आणि ज्यांना वखारीत स्वतःचे नाव नव्हते, त्या वृक्षांना कायद्याच्या पानावर निदान नावाने ओळख मिळाली.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, सागाचे अग्रस्थान प्राचीन आहे. परंतु ते सारदारूंच्या पंक्तीतील अग्रस्थान होते, ती पंक्ती मोडून मिळवलेले नव्हते. दुसरी, मराठी भाषेने प्रत्येक वृक्षाचे नाव व त्याचे काम यांची जोडी शतकानुशतके सांभाळली. ती जोडी म्हणजेच सुताराचे शास्त्र होते, आणि ते ग्रंथात नसून शब्दसंग्रहात होते. तिसरी, साग व आडजात ही विभागणी गोदी आणि महसूल यांच्या गरजेतून दृढ झाली व तिच्यामुळे त्या शास्त्राचे अवमूल्यन झाले.

यातून अभ्यासकांपुढे एक तातडीचे कर्तव्य उभे राहते. तिवसाचा आख बनवणारा गाडीसुतार आज विरळा आहे. लोखंडी आख आला, पोलादी तुळई आली, लाकडाच्या भुशाच्या फळ्या आल्या. काम गेले की कामाचा शब्द जातो, आणि शब्द गेला की त्या झाडाकडे पाहण्याची दृष्टी जाते. मोल्सवर्थच्या १८३१ च्या व १८५७ च्या कोशांनी अशी पुष्कळ परिभाषा टिपून ठेवली. परंतु कोशात अर्थ मिळतो, निवडीचे कारण मिळत नाही. किंजळ कोणत्या जागी चालतो व कोणत्या जागी दगा देतो, हे सांगणारे वृद्ध सुतार कोकणात व विदर्भात अद्याप आहेत. त्यांच्या तोंडचे शब्द, त्या शब्दामागील लाकूड व त्या लाकडामागील कारण, ही तिन्ही एकत्र नोंदवली गेली, तर आडजात या एका शब्दाखाली दडलेले अनेक वृक्ष इतिहासाला पुन्हा स्वतंत्रपणे दिसू लागतील.